पायातली चप्पल निसटते तेव्हा

जीवनसत्त्वांविषयी प्रश्न पाठवा, असे गेल्या अंकात म्हटले होते. ठाण्यापासून बेलापूरपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. बऱ्याच पत्रांत एकच ओळ आहे: ‘थकवा येतो, कोणते व्हिटॅमिन घेऊ?’ एवढ्यावरून उत्तर देणे म्हणजे अंधारात दगड मारणे. त्रास नेमका कुठे आहे, दोन्ही बाजूंना आहे का, किती दिवसांचा आहे, ताटात काय असते आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे ज्यांनी लिहिले त्यांची पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न: वय ५८, पूर्ण शाकाहारी, अंडेही खात नाही. मधुमेहासाठी ११ वर्षे मेटफॉर्मिन चालू आहे, सध्या दिवसाला २००० मिलीग्रॅम. पित्तासाठी रोज सकाळी पँटोप्राझोल घेतो. वर्षभर दोन्ही तळपायांना मुंग्या येतात. चालताना चप्पल पायातून निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर कळते. जिभेची आगही होते. बी-१२ तपासले तर २१८ आले, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिले आहे. सगळे म्हणतात, शुगरवाल्यांचे असेच असते. खरे का? — वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: साखरेने पायांच्या नसा बधिर होतात हे खरे आहे. पण तुमच्या पत्रातल्या बहुतेक गोष्टी बी-१२ च्या कमतरतेकडे बोट दाखवतात, आणि नेमके हेच ‘शुगरचे असेल’ म्हणून सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटते.

बी-१२ नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज पदार्थांत मिळते. अन्नातून ते सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. मग जठरातच तयार होणारे एक प्रथिन त्याला धरते आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते शोषले जाते. पित्ताची गोळी आम्ल कमी करते, म्हणजे पहिल्या पायरीवर अडथळा. मेटफॉर्मिन शोषणाच्या पायरीवर अडथळा आणते, आणि जितकी वर्षे जास्त व मात्रा मोठी, तितका तो वाढतो. तुमच्याकडे दोन्ही गोळ्या आहेत आणि मुळात ताटातूनही फार येत नाही. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो. त्यामुळे गोळी सुरू झाल्यावर चार-पाच वर्षांनी त्रास सुरू होतो आणि कुणालाच दोन्हींची सांगड घालावीशी वाटत नाही.

मुंग्या कुठे येतात हे नीट पाहा. बी-१२ मध्ये त्या दोन्ही पायांना सारख्या, बोटांपासून वर सरकणाऱ्या असतात, नंतर हाताच्या बोटांत येतात. एकाच पायात कमरेपासून कळ उतरत असेल तर मणका पाहावा लागतो. रात्री हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटात नस दबलेली असण्याची शक्यता जास्त.

चप्पल निसटणे ही मोठी खूण आहे. पाऊल जमिनीवर कुठे आहे ही जाणीव कमी झाली की डोळे तिची भरपाई करतात. म्हणून बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो, दिवे गेले की जिन्यावर पाय चाचपडतो. घरी पाहायचे तर भिंतीच्या कोपऱ्यात, शेजारी कुणाला तरी उभे करून, पावले जुळवून ३० सेकंद डोळे मिटा. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर डोलायला लागलात, तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवे. शिवाय हात उजेडात धरा. आपल्या सावळ्या वर्णात बोटांच्या पेरांवर नव्याने आलेला काळेपणा ही बी-१२ ची खूण असू शकते. जीभ गुळगुळीत, लाल दिसते का, चेहरा फिका आणि किंचित पिवळट झाला आहे का, तेही पाहा. घरच्यांना विचारा, विसराळूपणा किंवा चिडचिड वाढली आहे का. ते स्वतःला कळत नाही.

आता २१८. हा आकडा पिकोग्रॅम प्रति मिलीलीटरमध्ये असतो. २०० च्या खाली कमतरता स्पष्ट मानतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. काही लॅबची खालची मर्यादा १९० च्या आसपास असते, म्हणून तुमच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून आले. लक्षणे असताना या पट्ट्यातला आकडा आला तर मिथाइल मॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन तपासतात. बी-१२ पेशींना खरोखर कमी पडत असेल तर दोन्ही वाढतात. मूत्रपिंड कमजोर असेल तरीही ती वाढतात, म्हणून क्रिॲटिनिन सोबत करावे. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण रक्त ठीक असतानाही नसा बिघडू शकतात. सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, १०० च्या वर गेला तर संशय बळावतो, पण लोहही कमी असेल तर एक कमतरता पेशी मोठी करते, दुसरी लहान, आणि सरासरी साळसूद दिसते.

तपासणी आधी, गोळी नंतर. दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणून दोन आठवडे घेतले की रक्तातला आकडा वर जातो आणि खरी स्थिती झाकली जाते. नुसते फॉलिक ॲसिड घेणे तर त्याहून वाईट: रक्त सुधारते, नसांचे नुकसान आतल्या आत चालूच राहते.

उपचार डॉक्टर ठरवतील. नसांची लक्षणे असतील तर सहसा १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने, सुरुवातीला जवळजवळ, मग आठवड्याला आणि पुढे महिन्याला देतात. रोज १००० ते २००० मायक्रोग्रॅमची गोळीही काम करते, कारण कुठल्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय साधारण १ टक्का तसाच शोषला जातो, म्हणजे १००० मधले १०, आणि दिवसाची गरज आहे दोन ते अडीच. एक करा, गोळीच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. मेथिलकोबालामिनसोबत (हा बी-१२ चाच एक प्रकार) अनेकदा प्रीगॅबलिन असते. ते मुंग्या दाबते, गुंगी आणते, आणि तोल आधीच जात असेल तर पडण्याचा धोका वाढवते. काही गोळ्यांत बी-६ असते. ते रोज १०० मिलीग्रॅमच्या वर महिनोन्महिने घेतले तर त्यानेच मुंग्या येतात! मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. पित्ताची गोळी खरेच रोज लागते का, हे मात्र विचारा.

रक्त आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारायला लागते. नसांना सहा महिने ते वर्ष लागते. आणि फार उशीर झाला असेल तर थोडी बधिरता कायम राहते. चालताना पाय ओढले जात असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आहाराचे म्हणाल तर २०० मिलीलीटरच्या दोन पेले दुधातून दिवसाच्या गरजेचा मोठा भाग भागतो, दह्यातूनही. पाणीदार ताकाला तेवढे श्रेय देता येत नाही. पालक, बीट, शेवग्याचा पाला यांत बी-१२ नाही. इडलीचे आंबवलेले पीठ आणि स्पिरुलिना यांवरही भिस्त ठेवू नये. स्पिरुलिनात बी-१२ सारखे दिसणारे जे असते, त्याचा आपल्या शरीराला उपयोग होत नाही. मासे खाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बांगडा आणि तिसऱ्या (शिंपल्या) यांत ते भरपूर असते, त्यामुळे चातुर्मास पाळल्याने काही बिघडत नाही. पण तुमचे शोषणच अडले आहे, तेव्हा नुसते दूध वाढवून या वेळी भागणार नाही.

प्रश्न: मी ३४ वर्षांची आहे, महापेच्या कंपनीत रात्रपाळी करते. कंबर आणि मांड्या दुखतात. खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. ‘डी’ ११ आले. ६०,००० ची पाकिटे लिहून दिली होती, लवकर बरे वाटावे म्हणून मी ती ९ दिवस रोज घेतली. आता मळमळते. सासूबाई म्हणतात, रोज सकाळी सातला बाल्कनीत कोवळ्या उन्हात बस. बाल्कनीला काच बसवलेली आहे. — वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: आधी पाकिटांचे. आजच ती थांबवा. ६०,००० युनिटचे पाकीट आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, म्हणजे सगळे मिळून ४ लाख ८० हजार युनिट, असा नेहमीचा क्रम असतो. तुम्ही त्याहूनही जास्त, ५ लाख ४० हजार, नऊ दिवसांत संपवले. एवढ्याने विषबाधा होतेच असे नाही, पण मळमळ आहे म्हणून डॉक्टरांना सांगून रक्तातले कॅल्शियम आणि क्रिॲटिनिन तपासा. जास्त ‘डी’ म्हणजे रक्तात जास्त कॅल्शियम. त्याची लक्षणे: मळमळ-उलटी, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, आणि वाढले तर गोंधळल्यासारखे होणे. कुणी सोबत कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या असतील तर त्याही विचारल्याशिवाय घेऊ नका. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे पटकन निघून जात नाही, म्हणून चुकीची मात्रा कित्येक आठवडे त्रास देते. ही चूक आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत वारंवार दिसते, आणि दोष नुसता रुग्णाचा नाही. ‘आठवड्यातून एक’ हे चिठ्ठीवर ठळक लिहायला हवे, आणि औषधाच्या दुकानातूनही तोंडी सांगायला हवे.

तुमची लक्षणे ११ या आकड्याशी जुळतात. (२० नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरच्या खाली कमतरता मानतात.) ‘डी’ कमी असेल तर खांद्याकडचे आणि मांड्यांचे, म्हणजे धडाजवळचे स्नायू आधी दुबळे होतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, लोकलच्या पुलाचे जिने चढताना कठडा धरावा लागतो. नडगीचे हाड अंगठ्याने दाबून पाहा. सांधा सोडून हाडच दुखले तर ती आणखी एक खूण. मात्र थायरॉइड कमी असणे आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांनीही स्नायू असेच दुखतात, तेव्हा टीएसएच करून घ्या.

आता कोवळे ऊन. सासूबाईंचा हेतू चांगला, पण त्वचेत ‘डी’ तयार करणारे किरण सकाळी सातच्या तिरप्या उन्हात जवळजवळ नसतात. आणि ते काचेतून आत येत नाहीत. बंद बाल्कनीत तासभर बसून फक्त घाम येईल. सोपी कसोटी सावलीची: सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड पडली की ऊन उपयोगाचे. ठाण्यात मे महिन्यात ही वेळ सकाळी साडेनऊ-पावणेदहापासूनच सुरू होते. डिसेंबरच्या शेवटी मात्र दुपारी साडेबाराच्या सुमारासही सावली उंचीपेक्षा जेमतेम आखूड असते. म्हणून थंडीत दुपारचा डबा खाऊन गच्चीवर जावे, उन्हाळ्यात दहाच्या आत-बाहेर उरकावे. हात आणि पाय उघडे ठेवून १५ ते ३० मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस. वर्ण जितका सावळा तितका वेळ जास्त लागतो. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हे गणित कोलमडते. तुम्ही दिवसा झोपता, त्यामुळे तुमची मुख्य भिस्त औषधावरच राहील. पाकीट परत सुरू करायला सांगितले तर ते दुधात मिसळून, जेवणानंतर घ्या, स्निग्ध पदार्थासोबत ते चांगले शोषले जाते. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

प्रश्न: मुलगी सहा वर्षांची. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात. पाटीची पेन्सिल खाते, कच्चे तांदूळही. दुधाशिवाय जेवत नाही. बी-कॉम्प्लेक्सचे सिरप देऊ का? — एक आई, कळवा

उत्तर: पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे खोडकरपणाचे लक्षण म्हणून दटावू नका. त्यामागे बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते. लोह हे जीवनसत्त्व नाही, खनिज आहे. पण ओठांच्या कोपऱ्यातल्या चिरा बी-२ कमी असल्या तरी पडतात आणि लोह कमी असले तरीही, म्हणून नुसते बी-कॉम्प्लेक्स देऊन मूळ कारण राहून जाईल. दूध जास्त झाले की पोट भरते, आणि दुधात लोह जवळजवळ नसते.

सीबीसी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करा. या वयात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर ॲनिमिया. पेशी खूप लहान आणि लोह मात्र पुरेसे, असे निघाले तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी करतात. त्यात लोह देऊन काही साधत नाही. लोहाची मात्रा बालरोगतज्ज्ञ वजनावरून ठरवतील. ते औषध दुधासोबत देऊ नका, लिंबूपाण्यासोबत द्या. दातांवर काळे डाग पडू नयेत म्हणून स्ट्रॉने प्यायला लावा. शी काळी होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही काही महिने औषध चालू ठेवावे लागते. रिकामा झालेला साठा भरायला तेवढा वेळ लागतो, आणि इथेच बहुतेक घरांत बाटली कपाटात जाते. जंतांची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत देतात, ती चुकवू नका. दूध दिवसाला दोन कपांवर आणा.

एक गोष्ट मुद्दाम विचारून ठेवतो: संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ती ठेचकाळते का? बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागावर फेसासारखा पांढुरका डाग आहे का? असेल तर ते ‘अ’ जीवनसत्त्वाचे आहे, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लहानपणी नऊव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ चे एकूण नऊ डोस सरकारी कार्यक्रमात मिळतात. पहिला १ लाख युनिटचा, पुढचे आठ दर सहा महिन्यांनी २ लाखांचे. तिच्या लसीकरण कार्डावर किती भरले आहेत ते पाहा.

प्रश्न: मिस्टर रोज पितात, जेवण कमी. पायांची आग होते म्हणतात. काल बोलताना गोंधळले, चालताना झोकांड्या जात होत्या, पण त्या वेळी प्यायलेले नव्हते. — वाचक, कोपरखैरणे

उत्तर: हे वाचत असाल आणि अजून गेला नसाल तर आता निघा. दारू आणि अर्धपोटी राहणे यांत बी-१ संपते. गोंधळ, झोकांड्या आणि डोळ्यांची हालचाल बिघडणे ही मेंदूवर परिणाम झाल्याची लक्षणे आहेत. तीनही दिसतीलच असे नाही, एक-दोनही पुरतात. रुग्णालयात पोचताच सांगा, ‘रोज पितात, नीट जेवत नाहीत, ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्या.’ लाजून दारूची गोष्ट लपवली तर नुसत्या ग्लुकोजने उरलेसुरले बी-१ ही खर्ची पडते आणि स्मरणशक्तीचे कायमचे नुकसान होऊ शकते. पायांची आगही बी-१ चीच असू शकते. पण तो नंतरचा विषय.

प्रश्न: केस मुठीने गळतात. बायोटिन १० मिलीग्रॅम सुरू केले. नंतर थायरॉइडचा रिपोर्ट विचित्र आला, आधी कधी त्रास नव्हता. — वाचक, नेरुळ

उत्तर: बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही चाचण्या चुकतात. चाचणीच्या रसायनातच बायोटिन वापरलेले असते, आणि रक्तातले जास्तीचे बायोटिन त्यात लुडबुड करते. हृदयविकारासाठीची ट्रोपोनिन चाचणीही खोटी कमी येऊ शकते. गोळी बंद करा आणि किमान तीन दिवसांनी, लॅबला सांगून, पुन्हा तपासा. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित दिसते. डेंग्यू, मोठा ताप, बाळंतपण किंवा कडक डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि सहसा आपोआप थांबतात, तेव्हा मागचे चार महिने आठवून पाहा. तपासायचे असेल तर फेरिटिन आणि टीएसएच तपासा.

प्रश्न: ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते. ‘क’ च्या गोळ्या चघळू का? — वाचक, ऐरोली

उत्तर: दातांवर साचलेला थर हेच बहुधा कारण. आधी दाताच्या डॉक्टरांकडून सफाई. ‘क’ च्या कमतरतेत हिरड्यांतून नुसते रक्त येत नाही. त्या सुजून जांभळट होतात, पायांवर केसांच्या मुळाशी लालसर ठिपके येतात, केस स्क्रूसारखे वळतात, निळे डाग पडतात, जुनी जखम भरत नाही. फळे-भाज्या महिनोन्महिने बंद असलेल्यांत हे दिसते. बाकीच्यांना एक पेरू पुरतो.

प्रश्न: मुलाच्या नखांवर पांढरे ठिपके आहेत. कॅल्शियम कमी आहे ना? — वाचक, वाशी

उत्तर: नाही. नख वाढते त्या मुळाशी कधीतरी लागलेला छोटा मार, दरवाजाची धडक, नखे कुरतडणे, यांचे ते ठिपके. बोटाचे नख महिन्याला साधारण ३ मिलीमीटर वाढते, म्हणून ठिपका पुढे सरकत काही महिन्यांत कापला जातो. बगळ्यांचा थवा पाहून नखे घासणाऱ्या मुलांना त्यांचे जेवढे कौतुक, तेवढेच करावे. नख चमच्यासारखे खोलगट होऊन त्यात पाण्याचा थेंब टिकत असेल, तर मात्र लोह तपासा.

प्रश्न: रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे, जरा पिवळट आहेत. पाण्यावर तरंगतात. शेजारीण म्हणते प्लास्टिक आहे. मी निवडून फेकते. — वाचक, दिवा

उत्तर: फेकू नका. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, यंत्रातून दाण्याच्या आकाराचे ते बनवतात आणि साध्या तांदळात साधारण १०० किलोला १ किलो या प्रमाणात मिसळतात. म्हणून ते विरळ आणि वेगळे दिसतात. किलोभर तांदळात लोह २८ ते ४२.५ मिलीग्रॅम, फॉलिक ॲसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम आणि बी-१२ ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम असते. बी-१२ चे प्रमाण बेताचेच आहे, तेव्हा त्यावर सगळी भिस्त नको. पण तुम्ही नेमके तेच दाणे वेचून टाकता. एक-दोनदा हलकेच धुवा, चोळू नका, आणि पाणी बेताचे घालून शिजवा. जास्त पाण्यात शिजवून पेज काढून टाकली तर त्यातला काही भाग पेजेबरोबर जातो. पेज मुलांना मीठ घालून प्यायला दिली तर तोही घरातच राहील.